ऑलिंपियातल्या बिलांवर नजर कशी ठेवायची? (वॉशिंग्टन राज्याची राजधानी; छोटा फायर डिस्ट्रिक्ट)

पूर्वेची_पाइन

नमस्कार. मी वॉशिंग्टन राज्यात, कॅस्केड डोंगरांच्या पूर्वेला राहते. आमचा फायर डिस्ट्रिक्ट, म्हणजे मालमत्ता करावर चालणारी स्थानिक अग्निशमन संस्था, लहान आहे. दोन स्टेशनं, एक पगारी चीफ, बाकी सगळे व्हॉलंटियर. कारभार पाहणाऱ्या तीन कमिशनरांपैकी एक जण ऑक्टोबरमध्ये दुसरीकडे राहायला गेले आणि उरलेल्या दोघांनी त्यांच्या जागी मला नेमलं.

जानेवारीच्या मीटिंगमध्ये चीफ म्हणाले, "विधिमंडळाचं सेशन सुरू झालंय, कुणीतरी बिलांकडे लक्ष ठेवायला हवं." दोघांनीही माझ्याकडे पाहिलं. मी हो म्हटलं, कारण मला हे काम मनापासून करायचं आहे. गेल्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या टेकडीवर वणवा आला, तेव्हा याच लोकांनी रात्रभर पाइप धरला होता.

पण गेले चार दिवस मी विधिमंडळाच्या वेबसाइटवर अडकून पडले आहे. 'फायर' शब्द टाकला की बंदुकांची बिलं येतात, फटाक्यांची येतात. आमच्या कामाची दोन-तीन सापडली, ती निरुपद्रवी वाटली. यंदा सेशन ६० दिवसांचं, त्यातले काही गेलेसुद्धा. सहकारी कमिशनर म्हणतात, कमिशनरांची राज्यभराची असोसिएशन बघतेच, आपण कशाला? मला ते पटत नाही, पण का पटत नाही हे नीट सांगताही येत नाही.

ज्यांनी हे काम केलं आहे ते नेमकं काय वाचतात आणि काय सोडून देतात?

---

साउंडकाठी

ताई, आधी अभिनंदन. मी पश्चिमेकडच्या एका डिस्ट्रिक्टवर दोन टर्म, म्हणजे १२ वर्षं कमिशनर होतो. हे काम पहिल्या वर्षापासून माझ्याकडेच होतं.

'फायर' हा शब्द शोधणं आजच थांबवा. आपल्याला खरा फटका देणाऱ्या बिलांच्या नावात तो शब्द बहुतेक वेळा नसतोच. मला हे २०२१ मध्ये कळलं, आणि उशिरा कळलं. त्या वर्षी एचबी (हाउस बिल) ११८९ पास झालं. शहरं, काउंटी आणि पोर्ट यांना विकासासाठी कराच्या वाढीवर पैसा उभा करू देणारं बिल. मी नाव वाचलं, 'हे शहरांचं प्रकरण' म्हणून पुढे गेलो. कायदा झाल्यावर एका संध्याकाळी तो सलग वाचला आणि हातातली पेन्सिल खाली ठेवली.

ते असं चालतं. शहर नकाशावर एक भाग आखतं. तिथल्या मालमत्तेची त्या वेळची किंमत पाया म्हणून धरली जाते. पुढे तिथे इमारती उभ्या राहिल्या, किंमत चढली, की त्या वाढीवरचा आपल्या वाट्याचा कर आपल्याकडे न येता त्या प्रकल्पाकडे जातो. जास्तीत जास्त २५ वर्षं. इमारती मात्र आपल्याच हद्दीत असतात, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या जिन्यात पडलेल्या आजोबांना खाली आणायला गाडी आपलीच जाते.

कायद्यात आपल्यासाठी एक दार ठेवलं आहे. आखलेल्या भागात फायर डिस्ट्रिक्टच्या एकूण करपात्र किमतीचा किमान २० टक्के हिस्सा येत असेल, तर शहराला आपल्याशी बसून नुकसानभरपाईची योजना करावी लागते. आमच्या शेजारच्या शहराने भाग आखला तेव्हा आमचा आकडा १७ टक्के निघाला. मी तीनदा गणित केलं. १७ च. दुसरं दारही आहे: त्या भागामुळे सेवेचा भार वाढल्याचं फायर एजन्सीच्या वार्षिक अहवालातून दिसलं पाहिजे. आमच्या अहवालात कॉल वर्षाच्या एकूण संख्येत मोजलेले होते, कोणत्या भागातून किती आले याची नोंदच नव्हती. ते दार आम्हाला उघडता आलं नाही.

तेव्हापासून मी बिलाचं नाव वाचत नाही, ते कोणत्या कलमाला हात लावतं ते वाचतो. वेबसाइटवर शोधताना शब्दाऐवजी आरसीडब्ल्यूचा, म्हणजे राज्याच्या कायदेसंहितेतला, नंबर टाका. टायटल ५२ आपलं स्वतःचं. त्यातलं ५२.१६ म्हणजे आपली लेव्ही (डिस्ट्रिक्टचा मालमत्ता कर), हजार डॉलर किमतीमागे ५० सेंटचे तीन हप्ते मिळून दीड डॉलर. ८४.५२ मध्ये दरांच्या मर्यादा, ईएमएस (तातडीची वैद्यकीय सेवा) लेव्हीही तिथेच. ८४.५५ मध्ये लेव्हीच्या वार्षिक वाढीवरची ती १ टक्क्याची मर्यादा, जिच्यावर आपला सगळा संसार चालतो. ८४.३६ म्हणजे करसवलती, इथे दर वर्षी कुणीतरी नवी सवलत मागतं, बहुतेकदा चांगल्याच कारणासाठी, आणि तिचा भार कुणावर पडणार हे बिलात कुठेच लिहिलेलं नसतं. ३९.११४ म्हणजे वर सांगितलेला प्रकार. पगारी माणसं असतील तर ४१.२६ पेन्शन आणि ५१.३२.१८५, म्हणजे फायरफायटरांना होणारे काही आजार कामामुळेच झाले असं धरून चालणारं कलम.

वाचणं वाटतं तेवढं अवघड नाही. बिलात जुना कायदा जसाच्या तसा छापतात. नवे शब्द अधोरेखित, काढून टाकलेले दुहेरी कंसात काट मारून. मी आधी तेवढेच वाचतो. ४० पानांच्या बिलात आपल्या कामाच्या पाच-सहा ओळी असतात. पण त्या पाच-सहा ओळी स्वतः वाचाव्या लागतात, सारांशात त्या सापडत नाहीत. आणि नंबराच्या आधी 'सब्स्टिट्यूट' (म्हणजे बदललेली आवृत्ती) लागलं की आधी वाचलेलं विसरून पहिल्या पानापासून पुन्हा.

कटऑफच्या, म्हणजे बिल पुढच्या टप्प्यावर जायच्या शेवटच्या, तारखा भिंतीवर लावा. प्रत्येक कटऑफला यादी निम्म्याच्या आसपास येते, त्यामुळे ६० दिवस झेपतात. दोन गोष्टी लक्षात ठेवा. विधिमंडळाचं काम दोन-दोन वर्षांच्या जोडीने चालतं आणि यंदाचं वर्ष जोडीतलं दुसरं, म्हणजे गेल्या वर्षीची पडून राहिलेली बिलं अजून जिवंत आहेत. आणि बजेटसाठी आवश्यक ठरवलेल्या बिलांना कटऑफ लागत नाही. कराचं बिल 'मेलं' असं कुणी सांगितलं तरी ते यादीतून खोडू नका.

असोसिएशनबद्दल: त्यांची यादी घ्याच, ती माणसं रोज तिथे असतात. पण ते साऱ्या राज्याचा मिळून विचार करतात. एखादं बिल राज्यभरच्या डिस्ट्रिक्टांना सरासरीने बरं असेल आणि तुमच्या दोन स्टेशनांना नेमकं वाईट. ते फक्त तुम्हालाच दिसेल.

---

खतावणी

साउंडकाठींनी मुख्य ते सांगितलंच आहे. मी दोन डिस्ट्रिक्टांचे हिशेब बघते, म्हणून नव्या कमिशनरसाठी एक इशारा. तुमचं बोर्ड तीन जणांचं, म्हणजे दोघे मिळून कोरम. 'या बिलाला विरोध करू या का?' असा ईमेल तुम्ही एका सहकाऱ्याला केलात आणि त्यांनी उत्तर दिलं, तर ओपन पब्लिक मीटिंग्ज ॲक्टनुसार ती मीटिंगच झाली, आणि ती लोकांसमोर झाली नाही. माहिती पाठवायची असेल तर चीफमार्फत पाठवा आणि चर्चा मीटिंगमध्येच करा. सेशनच्या पहिल्याच मीटिंगमध्ये एक ठराव करून घ्या, अमुक विषयांवर डिस्ट्रिक्टची भूमिका अशी आणि ती मांडायचा अधिकार अमुक व्यक्तीला. नाहीतर सुनावणीची सूचना येते मंगळवारी, सुनावणी शुक्रवारी, आणि तुमची मीटिंग पुढच्या महिन्यात.

आमदारांना डिस्ट्रिक्टच्या वतीने प्रत्यक्ष भेटत असाल तर दिवस मोजा. तीन महिन्यांत चार दिवसांपेक्षा जास्त झाले की पब्लिक डिस्क्लोजर कमिशनकडे लॉबिंगचा तिमाही रिपोर्ट भरायचा प्रश्न येतो. तुमच्या वकिलांना एकदा विचारून ठेवा.

आणि फिस्कल नोट, म्हणजे बिलाच्या आर्थिक परिणामाचा सरकारी अंदाज, जरूर उघडा. स्थानिक संस्थांवरचा परिणाम कॉमर्स खात्यातली एक शाखा काढते. पुष्कळदा तिथे आकड्याच्या जागी 'अनिश्चित' एवढंच असतं. लोक ते वाचून निर्धास्त होतात. मला तिथेच काळजी वाटते. अनिश्चित म्हणजे कुणी मोजलेलं नाही. तुमच्यापुरतं तुम्ही मोजा, काउंटी असेसरकडून (मालमत्तेची किंमत ठरवणारा अधिकारी) किमतींचे आकडे मिळतात.

---

रॉकीज_पायथा

मी कोलोरॅडोत, इथल्या एका फायर प्रोटेक्शन डिस्ट्रिक्टच्या बोर्डावर. तुमच्याकडचे नियम वेगळे, पण एक अनुभव सांगतो. आमचं सेशन १२० दिवसांचं, मे महिन्यात संपतं, आणि आम्ही सगळे वही मिटून वणव्यांच्या तयारीला लागतो. २०२४ मध्ये ऑगस्टच्या अखेरीस मालमत्ता करासाठीच खास सेशन बोलावलं गेलं. काही दिवसांत कायदा झाला, आणि स्थानिक कराच्या वाढीवर नवी मर्यादा आली. त्या आठवड्यात आमचा चीफ दुसऱ्या काउंटीत आगीवर होता. आमच्याकडून एक ओळसुद्धा गेली नाही.

---

साउंडकाठी

हे आमच्याकडेही घडलेलं आहे. १ टक्क्याची मर्यादा २००१ मध्ये मतदारांच्या इनिशिएटिव्हने आली. नोव्हेंबर २००७ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. महिना संपायच्या आत एका दिवसाचं खास सेशन भरलं आणि ती पुन्हा लागू झाली. त्यामुळे बिलांचे ईमेल अलर्ट मार्चमध्ये बंद करू नका, वर्षभर चालू ठेवा.

---

पूर्वेची_पाइन

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री ८४.५५ टाकून शोधलं. चार बिलं आली, एकाच्याही नावात 'फायर' नाही. एकाची सुनावणी गुरुवारी आहे. चीफ म्हणतात तू बोल. मी आजवर अशी कधी बोललेले नाही. एका मिनिटात काय सांगायचं?

---

साउंडकाठी

कमिटीच्या साइन-इन पानावर सुनावणीच्या किमान एक तास आधी नाव नोंदवा, ऑनलाइन बोलता येतं. बोलायची पाळी आली नाही तर लेखी निवेदन सुनावणी सुरू झाल्यापासून २४ तासांत देता येतं. ते आजच लिहून ठेवा.

मी पहिल्यांदा बोललो तेव्हा 'स्थानिक सेवांवर विपरीत परिणाम होईल' असं म्हणालो. समोरच्यांपैकी कुणी मान वर केली नाही. पुढच्या वर्षी गेलो तेव्हा म्हणालो: आमची लेव्ही ८ लाख ४० हजार डॉलर. १ टक्का म्हणजे ८,४०० डॉलर. तेवढ्यात दोन फायरफायटरांचा टर्नआउट गिअर (आगीत घालायचा पोशाख) येतो आणि आमच्याकडे ३१ जण आहेत. एका सदस्याने विचारलं, मग उरलेल्यांचं काय करता? मी म्हणालो, मुदत संपलेला गिअर कुणाचा आहे याची यादी चीफच्या खोलीत लावलेली आहे. त्यानंतर त्यांनी लिहून घेतलं.

तुमची लेव्ही, तिचा १ टक्का आणि तेवढ्यात येणारी एक वस्तू. तुमचं नाव, डिस्ट्रिक्टचं नाव, बिलाला पाठिंबा की विरोध, हे सगळ्यात आधी. मोठ्याने वाचून घड्याळ लावा, ५० सेकंदांत बसलं पाहिजे. टेकडीवरच्या त्या रात्रीचं एक वाक्य घाला, एकच.

आणि गुरुवारनंतर सवडीने डिस्पॅचकडून (कॉल घेऊन गाड्या पाठवणारं केंद्र) गेल्या तीन वर्षांचे कॉल पत्त्यांसकट मागवा. तुमच्या हद्दीला लागून शहर असेल तर त्यांनी नकाशावर रेघ मारायच्या आधी ते तुमच्या वार्षिक अहवालात भागवार छापलेले असू देत.