मदत हवी आहे: कोंबडीच्या अंड्यातल्या पिल्लाचे ठोके आणि पेनकिलर

नमस्कार मंडळी, मी रत्नागिरीजवळच्या गावातली, एमएस्सी झूलॉजीला आहे आणि प्रोजेक्ट घेतलाय की अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, पॅरासिटामॉलने कोंबडीच्या गर्भाच्या हृदयाच्या ठोक्यांवर काय फरक पडतो. गावठी अंडी शेजारच्या काकींकडून आणते, इनक्युबेटर ३७.५ डिग्रीवर, आणि ७२ तासांनी कवचाला खिडकी पाडते. बलकावर लाल शिरांचं जाळं आणि मधोमध टाचणीच्या डोक्याएवढं हृदय लपलप करत असतं, पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी मोजायचंच विसरले.

आता अडचण अशी की औषध न घातलेल्या, नुसतं सलाईन टाकलेल्या अंड्यातपण ठोके कमी होतायत, उघडल्यावर १४० होते ते पाच मिनिटांत १०५ वर आले. मला वाटतं अंडं गार पडतं म्हणून, त्यात पावसात लाईट जाते ते वेगळंच. गरम पाण्याच्या वाटीत अंडं ठेवून कोणी मोजलंय का, तापमान टिकतं का?

दुसरं, आयब्युप्रोफेन पाण्यात नीट विरघळतच नाही आणि अ‍ॅस्पिरिनचं पाणी आंबट होतं, मग ठोके औषधाने बदलले की आंबटपणाने हे कसं ओळखायचं? गोळी कुटून टाकली तर त्यातला स्टार्च वगैरे पण जातो ना. शुद्ध पावडर थोडीशीच लागेल, ती कुठून मिळवता तुम्ही लोकं?

सध्या मोबाईलवर स्लो मोशन व्हिडिओ काढून मोजतेय. पुढच्या सोमवारी नवीन बारा अंडी लावायचीयत, त्याआधी कोणी सांगितलंत तर फार बरं होईल, जीव आहे त्यात, उगाच वाया घालवायची नाहीयेत.