मिनी ट्रॅक्टरची लिफ्ट गरम झाल्यावर खाली बसते – मदत हवी आहे

२२ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आहे, मागे हायड्रॉलिक लिफ्टवर (ऑइलच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा) ४ फुटी रोटाव्हेटर, म्हणजे माती भुसभुशीत करायचं अवजार. ऑइल थंड असताना लिफ्ट झटकन उचलते आणि धरूनही ठेवते. तासभर काम झालं, ऑइल तापलं, की उचललेला रोटाव्हेटर हळूहळू खाली येतो. मग लिफ्ट स्वतःच त्याला परत वर घेते. इंजिन चालू असेपर्यंत हे हिंदकळणं सुरूच राहतं. इंजिन बंद केलं की सरळ जमिनीला टेकतो.

हायड्रॉलिक ऑइल आणि फिल्टर बदलले, लेव्हल डीपस्टिकच्या खुणेवर आहे. ऑइलला फेस नाही, बाहेर कुठेही गळती नाही. उचलायची ताकद गरम असतानाही पुरेशी वाटते, म्हणून पंपावर माझा संशय नाही.

सीटखालचा खाली सोडण्याचा वेग ठरवणारा नॉब पूर्ण बंद करूनही पाहिला. पडणं मंदावतं, पण थांबत नाही. इथेच गोंधळ झालाय. लिफ्टच्या पिस्टनची ओ-रिंग (ऑइल अडवणारी रबरी रिंग) गेली असेल, की नॉबचा व्हॉल्व्हच नीट बसत नसेल?

लिफ्टचं वरचं कव्हर जड आहे, माझ्याकडे चेनपुली नाही, त्यामुळे उगाच उघडायचं नाही. कव्हर न काढता या दोन्हींतला दोष नक्की कसा ओळखायचा?