वाफ मोठी, पण सूत्रं कार्बनच्या हाती

एकांनी विचारलंय की पाण्याची वाफ हाच सर्वांत मोठा हरितगृह वायू (म्हणजे उष्णता अडवून ठेवणारा वायू), मग तापमानवाढीसाठी कार्बन डायऑक्साइडला का जबाबदार धरायचं? पहिला भाग खरा आहे. पण वाफ हवेत आठ-दहा दिवसच टिकते, मग पाऊस होऊन खाली येते. हवा १ अंशाने तापली की साधारण ७ टक्के जास्त वाफ धरते, आणि तापवतो तो शतकानुशतकं टिकणारा कार्बन डायऑक्साइड! १९५८ साली हवाईमधल्या मौना लोआ वेधशाळेत तो हवेच्या दहा लाखांत सुमारे ३१५ भाग होता, आता ४२० च्या वर. या वाढीव वाफेची झळ आपल्यालाच बसते. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं की मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान व्यापक अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या, आणि ते बाष्प मुख्यतः अरबी समुद्रावरून येतं.