केळवण आणि केळीचं पान, संबंध आहे का?

परवा मावसबहिणीचं केळवण होतं आमच्याकडे. पानाभोवती रांगोळी, वर झेंडूच्या पाकळ्यांनी 'केळवण' लिहिलेलं, फोटो निघेपर्यंत पुऱ्या पार वातड. तर जेवताना काका म्हणाले की केळीच्या पानावर जेवायचं म्हणून केळवण, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मला पटेना, पानावर तर बारशाला पण जेवतात आणि श्राद्धाला पण, मग ह्यालाच केळवण का? कोणाला खरी व्युत्पत्ती माहितीये का?

—

काकांना सांगा केळीचा काही संबंध नाही :) 'केळवणे' असं जुनं क्रियापद आहे, म्हणजे जपणे, निगा राखणे, लाडाने वाढवणे. त्यावरून केळवण, जसं दळणे-दळण, वळणे-वळण. क्रियापद बोलण्यातून गेलं आणि जेवण तेवढं उरलं. शब्द जुना आहे बरं, ज्ञानेश्वरीत (शके 1212) 'केळवली नोवरी' असा प्रयोग आहे, म्हणजे केळवण झालेली नवरी, जिचं मन निघायच्या आधीच माहेरातून सुटायला लागलंय. मला तरी ती उपमा वाचून गलबलून आलं होतं.

—

अरे हां, आत्ता ट्यूब पेटली! मुंबईत ते विले पार्ले केळवणी मंडळ आहे ना, 1934 चं, मिठीबाई कॉलेजवालं, लहानपणी मला वाटायचं हे लोक लग्नाची केळवणं करत फिरतात की काय. गुजरातीत केळवणी म्हणजे शिक्षण. आणि आमच्या शेजारच्या बा कणीक तिंबायला पण केळववुं म्हणतात. म्हणजे पोर काय नि कणीक काय, हात फिरवून तयार करायचं.

—

बरोब्बर, तोच धागा. मराठीने लाड घेतले, गुजरातीने शिस्त घेतली.

प्रथेचं म्हणाल तर, एकदा घरात देवक बसलं की नवरा-नवरीने आणि त्यांच्या आईवडलांनी बाहेर कुठे जेवायला जायचं नाही असा रिवाज, म्हणून त्याआधीच आत्या, मावशी, काकू सगळ्या आपापल्या घरी बोलवून घेतात, औक्षण करतात, आवडीचं खाऊ घालतात, आहेर देतात. मुंजीच्या बटूचं पण करतात, त्यामुळे ते फक्त लग्नाचंच असंही नाही. हल्ली ऑफिसातले लोक हॉटेलात पिझ्झ्याभोवती फुलं मांडून केळवण करतात त्याला माझी ना नाही, फक्त उखाणा गुगल करून वाचू नका एवढंच.

—

आमच्या आजोळी ह्यालाच गडगनेर म्हणतात, केळवण म्हटलं तर आजी म्हणायची हे पुणेरी कुठून आणलंस.

—

काकांना सगळं वाचून दाखवलं. म्हणाले 'बरं, पण पान केळीचंच हवं'. गडगनेरचं सांगा ना कोणीतरी, तो शब्द कुठून आला?