मदत हवी आहे: टाचणीचा डोळा टिपला तर शेपूट जाते, शेपूट टिपली तर सगळंच धुरकट

मंडळी,

गेल्या महिन्यात १०० एमएमची मॅक्रो लेन्स (किडेमुंग्या अगदी जवळून टिपायची) सेकंडहँड घेतली. कॅमेरा माझा जुनाच, क्रॉप, म्हणजे लहान, सेन्सरवाला. विकणारा म्हणाला होता, "एकदम मख्खन." आता शंका येतेय की ते मख्खन आतल्या काचेला तर फासलेलं नाही ना.

तीन रविवार झाले, उजाडायच्या आत वेताळ टेकडीवर खाणीच्या काठाला जाऊन बसतोय. फिरायला येणारी मंडळी "साप आहे का हो?" विचारून लांबून जातात. विषय एकच, टाचण्या, म्हणजे चतुरासारखे दिसणारे ते नाजूक किडे. (चतुर आणि टाचणीत गल्लत होणाऱ्यांसाठी: बसल्यावर विमानासारखे पंख पसरून ठेवतो तो चतुर, मिटून पाठीवर धरते ती बहुतेक वेळा टाचणी.)

एफ ५.६ ला (एफचा आकडा जितका मोठा, तितकं लेन्सचं छिद्र बारीक) डोळ्यावर फोकस केला की डोळा असा येतो की त्यातली जाळी दिसावी. पण मानेच्या मागे सगळं विरघळलेलं. म्हणून छिद्र बारीक करत करत एफ २२ वर गेलो. आता डोक्यापासून शेपटीपर्यंत सगळं दिसतं, पण धार कशालाच नाही. उजेड पुरत नाही म्हणून आयएसओ ३२००, शटर १/६०, आणि मी श्वास रोखून. ट्रायपॉडही नेऊन पाहिला. त्याचे पाय लावेपर्यंत बाई उडून गेलेल्या असतात, आणि नसल्या तर त्या बसलेली काडी डुलत असते.

लेन्स खराब आहे का, हे घरच्या घरी कसं तपासू? आणि फ्लॅश लागतोच का? एक साधा फ्लॅश घरात पडून आहे. लावला तर अर्ध्या टाचणीवर लेन्सची सावली आणि उरलेली अर्धी पांढरीफटक. नवीन खरेदीचं नाव घरी काढायची सोय नाही, तेव्हा आहे त्यातच काहीतरी सुचवा.

सुरवंट:
लेन्सला शिव्या घालायच्या आधी दहाची नवी नोट भिंतीला सपाट चिकटवा. कॅमेरा ट्रायपॉडवर, बरोबर समोर, दोन सेकंदांचा टायमर. एफ ५.६, ८, ११, १६, २२ असे पाच फोटो काढा आणि नोटेवरची सूक्ष्म अक्षरं मोठी करून बघा. आठला अक्षरं कोरीव आणि बावीसला पुसट आली तर लेन्स ठणठणीत आहे.

बावीसला पुसट येणारच. बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो, विवर्तन म्हणतात ते हेच. मॅक्रोत ते आणखी नडतं, कारण जवळ गेल्यावर छिद्र लिहिल्यापेक्षा बारीक असल्यासारखं वागतं. कॅमेऱ्यावरच्या आकड्याला (१ + मोठेपणा) ने गुणा. मोठेपणा म्हणजे सेन्सरवरची प्रतिमा खऱ्या किड्याच्या किती पट: १:१ म्हणजे तेवढीच, अर्धं माप म्हणजे निम्मी. १:१ ला तुमचा २२ म्हणजे ४४ झाला, अर्ध्या मापाला ३३. वर १/६० आणि हातातला कॅमेरा. धार येणार कुठून?

आणि एक गोष्ट तुमच्या लिहिण्यातच सापडली. टाचणी साधारण तीन-चार सेंटिमीटरची, तुमचा सेन्सर जेमतेम अडीच सेंटिमीटर रुंद. १:१ ला ती आडवी मावतच नाही. तरी डोकं-शेपूट एका फोटोत येतंय म्हणजे एकतर तुम्ही १:१ ला नाही, किंवा समोरून तिरपा काढताय. तिरपा असेल तर छिद्र कितीही आवळा, पुरणार नाही. अर्ध्या मापावर या आणि तिच्या बाजूला जा. सेन्सर तिच्या अंगाला समांतर धरा, म्हणजे डोळा आणि शेपटीचं टोक तुमच्यापासून सारख्याच अंतरावर. त्यासाठी बहुतेक वेळा चिखलात आडवं व्हावं लागतं. तुमच्या सेन्सरवर एफ ११ ला १:१ मध्ये एक मिलिमीटरसुद्धा धारदार खोली मिळत नाही, अर्ध्या मापाला अडीचच्या आसपास मिळते. टाचणीच्या अंगाला तेवढी पुष्कळ झाली.

(शेपूट नाही हो ती, पोट आहे. पण चालायचंच.)

झणझणीत:
सोपा उपाय सांगू? डबीत धरायची, दहा मिनिटं फ्रीजमध्ये. मग हवी तशी बसवा, हलत नाही.

सुरवंट:
कृपा करून नको. पहाटे अंगावर दव घेऊन ती गारठलेलीच असते, ऊन लागेपर्यंत उडायचं त्राण नसतं तिच्यात. तोच तुमचा फ्रीज. शिवाय गार करून पानावर ठेवलेला किडा पाय वेडेवाकडे घेऊन बसतो, बघणाऱ्याला फोटोत कळतं.

ओली_चटणी:
फ्लॅशचं मी सांगते. सावली पडते कारण फ्लॅश वर डोक्यावर, किडा लेन्सपासून वीतभर अंतरावर, आणि मध्ये लेन्सची नळी. उजेड त्या नळीच्या पुढे आणायचा. मी चिप्सचा रिकामा उभा डबा कापून आतली चकचकीत बाजू वापरली, पुढच्या तोंडाला गेल्या दिवाळीच्या आकाशकंदिलाचा उरलेला बटर पेपर लावला. कागद जितका मोठा आणि किड्याच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ.

कॅमेरा मॅन्युअलवर: शटर १/१६०, एफ ११, आयएसओ २०० ते ४००. फ्लॅशही मॅन्युअल, १/१६ ताकदीपासून सुरू करून वाढवत जा. कमी ताकदीवर फ्लॅशचा लखलखाट इतका क्षणिक असतो की हात हलला तरी फोटोत उतरत नाही. फक्त कडक उन्हात हे चालत नाही, मग उन्हाचीही दुसरी पुसट प्रतिमा उमटते. आणि मागे मोकळं आकाश किंवा लांबचं पाणी घेतलंत तर ते काळंकुट्ट येईल, कारण फ्लॅश तिथवर पोचत नाही. मागे चार बोटांवर एखादं पान येईल अशी जागा बघा.

फोकस रिंग फिरवत बसू नका. माप एकदा ठरवा, कोपर जमिनीवर टेकवा, आणि अख्खे स्वतःच इंचभर मागेपुढे झुला. डोळा चमकला की बटण. वीसातला एक लागतो, माझा तरी.

धागाकर्ता:
मंडळी, आभार. नोट पास झाली. आठला काय अक्षरं आली आहेत! विकणाऱ्याला मनातल्या मनात सॉरी म्हटलं.

आज चटणीताईंच्या पद्धतीने डबा कापून नेला. पोटावर झोपलो, शर्ट वाया गेला, पण एक टाचणी डोळ्यापासून पोटाच्या (बरोबर ना, सुरवंटराव?) शेवटच्या पेरापर्यंत धारदार मिळाली. एफ ११, अर्ध्या मापाला. अंगावरचं दवसुद्धा थेंब थेंब वेगळं दिसतंय.

आता नवीन दुखणं. डोळ्यात फ्लॅशचं प्रतिबिंब पडलंय, ते चालेल एकवेळ, पण त्यात माझ्या कागदाची घडी उमटलीय. सुरकुत्यांसकट. टाचणीच्या डोळ्यात इस्त्री न केलेला आकाशकंदील दिसतोय. याला काय करू?

ओली_चटणी:
घडी न घातलेला कागद घ्या, फुगवून बाकदार लावा. आणि आकाशकंदील दिवाळीनंतर जपून काढत जा.