औषधांनी रडणं थांबलं, पण गोडी परत येत नाही. केटामाइन घेतलेल्यांनी कृपया सांगा

नमस्कार मंडळी. मी देवगडजवळ राहते, वय ४१. अडीच वर्षं डिप्रेशनची औषधं चालू आहेत. दोन गोळ्या बदलून झाल्या, सध्या एस्सिटालोप्राम २० मिलिग्रॅम. झोप लागते, कामावर जाते. घरच्यांच्या लेखी मी बरी झाले.

एप्रिलात बाबांनी अढी उघडली. लहानपणापासून तो वास आला की मी माळ्यावर धावायचे. यंदा पहिला हापूस त्यांनी स्वतः कापून माझ्या हातात दिला आणि बघत उभे राहिले. गोड आहे हे कळलं. नुसतं कळलं. "कसा आहे गं?" "छान." मग ते काही न बोलता पेंढा सारखा करत बसले. त्यांचे ते हात डोळ्यांसमोरून जात नाहीत.

डॉक्टर याला अ‍ॅनहेडोनिया म्हणतात. उदासी ओसरली तरी हे मागे राहतं, आणि कधी या गोळ्यांनीही भावना बोथट होतात.

सायलोसायबिनबद्दल वाचलं, म्हणजे काही मशरूममध्ये असणारं, भास घडवणारं द्रव्य. २०२२ मध्ये २३३ रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. २५ मिलिग्रॅमच्या एकाच डोसने तीन आठवड्यांत उदासी कमी झाली, पण बऱ्याच जणांत तो फरक बाराव्या आठवड्यापर्यंत टिकला नाही. ऑस्ट्रेलियात १ जुलै २०२३ पासून ठरावीक मानसोपचारतज्ज्ञ ते देऊ शकतात. आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी कायद्याने बंदी. ओळखीतला एकजण गोव्यातून मशरूम आणून देतो म्हणाला. एक अख्खी रात्र मी त्यावर विचार केला, खोटं कशाला बोलू. पण अभ्यासात थेरपिस्ट तासन्तास शेजारी बसून असतात. माझ्या शेजारी कोण? लेक नऊ वर्षांची आहे. नाही म्हटलं.

राहतं केटामाइन. ते भुलीचं औषध, कायदेशीर आहे, आणि गोळ्यांना दाद न देणाऱ्या डिप्रेशनमध्ये काही डॉक्टर देतात. ज्यांनी घेतलंय त्यांना एकच विचारायचंय: फक्त उदासी उतरली, की आवडही परत आली? आणि मला बीपी आहे, चालेल का?

उत्तर: ताई, माझ्या भावाने मुंबईत घेतलं. सलाइनमधून, दोन-तीन आठवडे. दुसऱ्या वेळेनंतर त्याने स्वतःहून रेडिओ लावला. महिन्याभराने असर उतरू लागला, मग परत एकदा द्यावं लागलं. त्या वेळी बीपी वाढतं, सारखं मोजत असतात. तुमचं आधी आटोक्यात आणतील. मनाने गोळी बंद करू नका. आणि भावना बोथट गोळीनेच झाल्या असतील का, हे आधी तपासून घ्या. डोस कमी करून बघता येतो.

धागाकर्ती: रेडिओचं वाचून डोळ्यांत पाणी आलं. शुक्रवारी अपॉइंटमेंट आहे. आधी डोसचं विचारते, मग केटामाइनचं. बाबांना सोबत नेते.