फोटोग्राफीचा हात बसवायला लग्नं घ्यावीत का? (पुणे)

कोथरूडचा_क्लिक
मंडळी, सल्ला हवाय. क्रॉप (लहान) सेन्सर कॅमेरा, सोबत आलेली १८-५५ किट लेन्स आणि ५० एमएम एफ १.८ आहे. सिंहगड, पाषाण तलाव करून झालं, आता माणसं टिपायची आहेत. मित्राच्या बहिणीचं लग्न आहे, तुळशीचं लग्न झालं की लगेच, कर्वे रोडच्या एका कार्यालयात. तो म्हणतो, "तूच काढ, बाहेरचा कशाला?" घेऊ का?

हॅलोजनखालची_मावशी
एकट्याने अजिबात घेऊ नका. मित्र खर्च वाचवतोय आणि बोलणी तुम्ही खाणार. त्यांना फोटोग्राफर ठरवू दे. त्याला आधी विचारून तुम्ही दुसरा कॅमेरा म्हणून जा.

शिकायला मात्र कार्यालयासारखी जागा नाही. स्टेजवर पिवळे हॅलोजन, छताला पांढरे एलईडी, मागे जांभळी सजावट, आणि मध्ये पिवळी अष्टपुत्री नेसलेली, हळदीने पिवळी झालेली नवरी! ऑटो व्हाइट बॅलन्स (रंग आपोआप जुळवणारी सेटिंग) दर फोटोला रंग बदलतो. रॉमध्ये (कच्च्या फाइलमध्ये, रंग नंतर सुधारता येतात) काढा, केल्विन (उजेडाच्या रंगाचा आकडा) एकच ठेवा. एलईडीमुळे पट्टे उमटले तर शटर १/१०० किंवा १/५० सेकंदावर आणा. आपली वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. अक्षता जरा धूसर आल्या तरी बिघडत नाही, चेहरे शार्प हवेत.

अंतरपाट
मावशींना अनुमोदन. सगळा खेळ जागेचा आहे. मंगलाष्टकं सुरू होण्याआधी अंतरपाटाच्या टोकाशी, बाजूला उभे राहा. दोघंही एका फ्रेममध्ये येतात. समोर राहिलात तर पाठी आणि मामाच मिळतील. शेवटच्या "सावधान"ला अंतरपाट दूर होतो, तेव्हा पहिली नजर टिपायची. पुढच्याच क्षणाला हार, वाजंत्री आणि मोबाइल धरलेले पन्नास हात. गुरुजींना आधी भेटून क्रम विचारून घ्या, आणि व्हिडिओवाल्याशी गोडीत राहा. त्याचा लाइट फुकटात वापरायला मिळतो.

नदीपात्र_निवासी
मी वेगळं सांगतो. लग्नांचे फोटो काढून हात बसतो, पण डोळा साच्यात अडकतो. तेच पोझ, तेच स्टेज, रांगेतले तेच आहेर. गणपतीआधी संध्याकाळी मुठेच्या नदीपात्रात ढोलताशा पथकांचा सराव बघा. कमी उजेड, हलते हात, घामाचे चेहरे. पथकप्रमुखाला विचारून काढा, कोणी नाही म्हणत नाही.

हॅलोजनखालची_मावशी
@नदीपात्र, सराव तिथे करा की, पण तिथे चुकलं तर उद्या परत जाता येतं. कानपिळी परत होत नाही हो!

कोथरूडचा_क्लिक
धन्यवाद सगळ्यांना. त्यांनी फोटोग्राफर ठरवलाय, मला सीमांतपूजन आणि पंगत दिलीय. तोवर नदीपात्रात सराव. फ्लॅश भाड्याने घेऊ का?

अंतरपाट
आधी कार्यालयात जाऊन छत बघून या. पांढरं आणि बेताच्या उंचीचं असेल तर फ्लॅश वर वळवून छान मऊ उजेड मिळेल. उंच किंवा रंगीत असेल तर पैसे वाया, त्यापेक्षा आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता) वाढवा. आणि पंगतीचे फोटो वाढताना काढा, जेवताना नको. तोंडात घास असलेला फोटो कुठलीच विहीण माफ करत नाही.